कुटुंबासह पाहण्यास योग्य चेहरा

जावई चहाचा कप हातात धरून बसला आणि चहा काही पीत नव्हता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमचा जावई कार्टूनच्या कारखान्यात कामाला आहे. तो त्याला स्टुडिओ म्हणतो. तिथे पोरंपोरी रांगेने कॉम्प्युटरसमोर बसून दिवसभर चित्रं हलवतात. जावयाच्या वाट्याला ढग, झाडं आणि लांबचे डोंगर येतात. म्हणजे जे फारसं हलत नाही ते. त्याच्या स्वभावालाही ते धरूनच आहे.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "आम्ही जुनी संगीत नाटकं कार्टूनमध्ये करतोय. मुलांसाठी. आईवडिलांनीही सोबत बसून बघावीत अशी. पहिलं तुमचं घेतलंय."

तुमचं म्हणजे 'संगीत आवाजखाऊ'. ते मी लिहिलेलं नाही, पण त्यातला राक्षस मी इतकी वर्षं केला की लोकांना ते माझंच वाटतं. हा राक्षस गावातले आवाज खातो. पाखरांची किलबिल खातो, शाळेची घंटा खातो, नवराबायकोची भांडणं खातो (इथे टाळ्या पडायच्या), आणि शेवटी एका मुलीचं गाणं खायला जातो ते त्याला पचत नाही. मग तो गात गात मरतो. माझं मरण फार लांबायचं, असं आमची ही म्हणते. पण त्या मरणाला वन्स मोअर मिळायचा. मी उठायचो, कपडे झटकायचो आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचो. हे किती जणांच्या नशिबी येतं, सांगा.

"राक्षसाचं हसणं कोणालाच जमत नाहीये," जावई म्हणाला. "दोन नावाजलेले नट येऊन गेले. एकाचा घसा बसला, दुसऱ्याला स्वतःचंच हसू आलं. तर तुम्ही..."

"बघतो," मी म्हटलं. नटाने लगेच हो म्हणू नये. तेवढं ऐकून जावई चहा प्यायला.

तालीम मी बाथरूममध्ये करायचं ठरवलं. तिथे आवाज घुमतो. वेळ नात शाळेत गेल्यावरची. त्याला कारण आहे.

आमची नात पाच वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लेक आणि जावई दोघेही कामावर, त्यामुळे ती माझ्याकडेच वाढतेय. माझ्या मांडीवर बसून दूध पिते, माझ्या भुवया विंचरते, मला आबा म्हणते, माझ्या गालावरच्या चामखिळीला बटण म्हणते आणि ते दाबल्यावर मी शिंगासारखा आवाज काढायचा, असा नियम आहे. पण पोर भित्री. आणि तिचं भिणंही वेगळं. ती रडत नाही, ओरडत नाही. ज्याची भीती वाटली त्याला मनातून वजा करते. मागे तिच्या वाढदिवसाला तिचा काका अस्वलाचा मुखवटा घालून आला होता. गंमत म्हणून. तिने एकदा बघितलं आणि खोलीतून चालत निघून गेली. तो काका अजूनही खेळणी घेऊन येतो आणि दारात उभा राहतो. खेळणी आत जातात, काका बाहेरच असतो. धडधाकट, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. पण आमच्या दारात त्याचं तोंड पाहवत नाही.

तर ती शाळेत गेली आणि मी बाथरूमचं दार लावून हसलो.

पोटातून सुरू करून डोक्याच्या वर न्यायचं आणि तिथून कोसळू द्यायचं, असं ते हसणं आहे. मी ते मनापासून कोसळू दिलं. थोड्याच वेळात दारावर थापा. वरच्या मजल्यावरचे साहेब हातात भला मोठा पाना घेऊन उभे. हे पाणी खात्यातून निवृत्त झालेत आणि इमारतीत कुठलाही आवाज झाला की तो नळाचाच असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

"कुठे फुटलंय?" त्यांनी विचारलं.

"फुटलं काही नाही," आमची ही म्हणाली. "हे हसतायत."

"वहिनी, हसणं मला कळतं. ही पाइपात अडकलेली हवा आहे." आणि खबरदारी म्हणून त्यांनी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात आले. मग सगळ्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. त्या दिवसापासून मी इमारतीत राक्षसराव झालो. लहानथोर त्याच नावाने हाक मारू लागले. मला राग यायला हवा होता. आला नाही, हेही सांगून टाकतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. दिग्दर्शिका आमच्या लेकीच्या वयाची, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिने मला गादीसारख्या भिंतींच्या खोलीत उभं केलं.

"काका, अगदी सहज करा."

मी सहज केलं. काचेपलीकडच्या माणसाने कानावरची यंत्रं काढून फेकली.

"काका, माइकपासून जरा लांब."

मी जरा लांब गेलो. मग आणखी लांब. मग खोलीचं दार उघडून मला बाहेर बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. तिथून आवाज बरोबर बसला. पाणी प्यायला आलेल्या दोन मुलींनी ग्लास टाकले, पण त्याला माझा इलाज नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलंच पाहिजे, असं आम्हाला शिकवलेलं. इथे शेवटची रांगच नव्हती. आवाज आपला भिंती शोधत जात होता.

आणि तिथेच तो छोटा कॅमेरा होता. काठीवर बसवलेला, थेट माझ्या तोंडासमोर.

"हा कशाला?"

"नुसता संदर्भासाठी, काका. त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

आता तुम्हीच न्याय करा. मी आयुष्यभर राक्षस केला तो मुखवटा घालून. कागदाच्या लगद्याचा, आतून गोंदाचा वास मारणारा. त्याच्यामागे मी काय काय तोंडं करायचो! भुवई चढवायचो, पडलेल्या सुळ्याच्या फटीतून जीभ काढायचो, रागाने कानाची पाळी ओढायचो. मरताना तर माझा चेहरा असा काही व्हायचा की मलाच भरून यायचं. आणि त्यातलं एवढंसंही कधी कुणाला दिसलं नाही. अशा माणसासमोर तुम्ही कॅमेरा ठेवता आणि सांगता, लक्ष देऊ नका.

मी सगळं दिलं. साठवलेलं सगळं. मरणाच्या गाण्याला तर दिग्दर्शिकेने अंबाड्यातली पेन्सिल काढून चावली. मी तरंगत घरी आलो.

पुढे महिने गेले. एके दिवशी जावई म्हणाला, "बाबा, चला, थोडं तयार झालंय, बघून घ्या." मी पुन्हा तो इस्त्रीचा सदरा घातला.

अंधारी खोली. पडद्यावर डोंगर आला, जावयाचा. मग गुहा. गुहेतून राक्षस पाठमोरा निघाला, हिरवा, अवाढव्य. मी मनात म्हटलं, वा. मग तो वळला.

मी वळला.

दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. रंग हिरवा होता, दात मोठे होते, कपाळावर शिंगं होती. पण गालावर चामखीळ होती. डावी भुवई एकटीच चढली. सुळ्याच्या फटीतून जीभ आली. आणि त्याने माझ्या हाताने माझ्या कानाची पाळी ओढली.

"कॅमेऱ्यात जे मिळालं ते सगळं वापरलंय!" दिग्दर्शिका अंधारातून म्हणाली. "काका, सोनं होतं ते!"

मला तिथे काही दिसेना, फक्त आमच्या घराचं दार दिसलं आणि दारात खेळणं घेऊन उभा असलेला भिंगरीचा काका. आता त्याच्या शेजारी मी.

"हे बदला," मी म्हटलं.

"काय बदला?"

"चेहरा. माझी नात बघणार आहे."

दिग्दर्शिका समजूतदार मुलगी. तिने मला चहा दिला आणि सांगितलं, "काका, आता एक भुवई हलवायची तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. सिनेमाला दाखला देणाऱ्या सरकारी कचेरीने हरकत घेतली तर गोष्ट वेगळी."

परत येताना जावई म्हणाला, "बाबा, त्या आपल्या बोलण्यासाठी बोलल्या हं. तुम्ही मनावर घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत होतो. सोबत राक्षसाचं चित्र, गुंडाळी करून.

खिडकीमागचा कारकून पेन्सिलीला टोक काढत होता. "हरकत कशावर?"

"राक्षसाच्या चेहऱ्यावर. लहान मुलं घाबरतील."

"चेहरा आणलाय?"

मी गुंडाळी उलगडली. त्याने चित्र पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"हे तुम्हीच ना?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे मूळ मी."

"मग हरकत कोणाची?"

"माझीच."

"आजोबा, ज्याचा चेहरा त्याचीच हरकत असेल तर ते आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त भीतीदायक. स्वतःचे चेहरे वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुमची बदनामी झालीय का?"

"अजून नाही. सिनेमा लागला की होईल."

"झाली की या."

मी पुन्हा खाली. माझी अवस्था पाहून कारकुनाला दया आली असावी. त्याने आतून मोठ्या मॅडमना बोलावलं. मॅडमनी चष्मा बदलला आणि चित्र लांब धरून बघितलं.

"मॅडम, भीती वाटते का?" कारकुनाने विचारलं.

"या चित्राची की यांची?"

"दोघांचीही सांगा."

"छे! दोघेही बिचारे वाटतात."

हे 'बिचारे' मला झोंबलं. ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरायची, तो मी! भीती कशाशी खातात ते यांना दाखवावं म्हणून मी तिथेच, टेबलांच्या मधोमध, भुवई चढवली, जीभ काढली, पाळी ओढली आणि पोटातून हसलो. दोन टेबलांवरच्या फायली थरथरल्या. दाराजवळचा शिपाई धावत आला आणि हळूच कारकुनाला म्हणाला, "यांच्या पोटात दुखतंय का? माझ्याकडे गोळी आहे."

मॅडमनी कागदावर शेरा मारला आणि कारकुनाने मला तो मोठ्याने वाचून दाखवला, इतरांनाही ऐकू जाईल असा. "मुद्रा सौम्य. हरकत अमान्य. चेहरा कुटुंबासह पाहण्यास योग्य."

सरकारी शिक्का मारून एखाद्याला असं म्हणावं, यापरता अपमान नाही. गंमत अशी, की त्याने माझी भीती रेसभरही कमी झाली नाही. मॅडमना बिचारा वाटलो, ठीक आहे. मॅडम पाच वर्षांच्या नाहीत. बसमध्ये खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसत होता. मी जागा बदलली, तर तो समोरच्या काचेत आला.

घरी आलो तर जिन्यातच बैठक बसलेली. आमच्या हिने सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"राक्षसराव, सोपं आहे," वरचे साहेब म्हणाले. "पाइप बदलता येत नसेल तर नळ बदलायचा."

"म्हणजे?"

"राक्षस बदलत नाही ना? मग तुम्ही बदला. तुमच्यात आणि त्याच्यात साम्यच उरलं नाही, तर पोरगी ओळखणार कशी?"

मला हे पटलं. भीतीत माणसाला काहीही पटतं. दातांच्या डॉक्टरांनी लगेच माझा जबडा धरून उजेडाकडे वळवला. "ही फट मी बुजवतो. जीभ बाहेर यायला वाटच राहणार नाही."

"मिशी काढा," कोणीतरी म्हणालं.

"त्या चामखिळीवर पट्टी लावा. कापलं म्हणून सांगायचं."

"आणि भुवई?" मी विचारलं.

भुवईवर कोणाकडेच उपाय नव्हता. "तिला तुम्हीच आवरा," साहेब म्हणाले.

आमची ही वरच्या पायरीवरून म्हणाली, "लग्नापासून मी हा चेहरा बघतेय. मी घाबरते का, हे आजवर कोणी विचारलं नाही." पण बायकांचं जिन्यात कोण ऐकतं.

नात शाळेतून यायच्या आत सगळं उरकायचं ठरलं. न्हाव्याने मिशी उतरवली. ती खाली पडलेली पाहून मला एखादा जुना सोबती गेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी दात बसवला. तो इतका पांढरा होता की तोंड उघडलं की आत दिवा लागल्यासारखा दिसायचा. गालावर पट्टी. एका बोटाने भुवई दाबून धरलेली. अशा थाटात मी दाराची घंटा वाजवली.

दार भिंगरीनेच उघडलं. ती आधीच येऊन पोचली होती.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मान वळवून म्हणाली, "आजी, कोणीतरी आलंय." आणि चालत आतल्या खोलीत निघून गेली. रडली नाही, ओरडली नाही. चालत गेली.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. हातात तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट होतं. ते कधी वितळायला लागलं ते मला कळलं नाही. ज्याला मी इतके दिवस भीत होतो ते झालं होतं, आणि ते मी स्वतः, न्हाव्याला आणि डॉक्टरला घेऊन, करून आणलं होतं. सिनेमाची वाटसुद्धा बघितली नाही.

"अहो, आत तरी या," ही म्हणाली.

मी आत येऊन खुर्चीवर बसलो. नवा दात टोचत होता. जीभ तिकडे जाऊन त्याला ढकलू लागली, बोट कधी सुटलं कळलं नाही, आणि डावी भुवई आपली हळूच वर गेली. आतल्या दाराच्या फटीत एक डोळा दिसला.

"आजी," आतून आवाज आला, "आबा आत आहे."

"कुठे आत?"

"त्या माणसात. मला दिसला आत्ता." मग ती जवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून माझ्या तोंडात डोकावली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, बाहेर ये."

दात मी त्याच संध्याकाळी काढून घेतला. डॉक्टर नाराज झाले. पण मला धडकी भरली ती पुढेच. भिंगरीला माझी ओळख पटते ती कशाने? भुवईने, फटीने, चामखिळीने. राक्षसाकडे नेमकं हेच आहे. झाकलं तर मी परका आणि उघडं ठेवलं तर राक्षस. कुठून सुटायचं?

मग शहरभर जाहिराती लागल्या. राक्षसाची फक्त पाठ, आणि खाली, 'याचा चेहरा पडद्यावरच पाहा!' जावई म्हणाला, उत्सुकता वाढवायची असते. माझी तर भूकच गेली. लेकीला मी म्हटलं, "तिला नको नेऊ."

"बाबा, ती अख्ख्या वर्गाला सांगून बसलीय, माझा आबा सिनेमात बोलतो म्हणून."

मी ताप आणायचा प्रयत्न केला. ताप आला नाही. शेवटी मी भिंगरीलाच समजावलं. "त्यात एक फार वाईट राक्षस आहे बरं का."

"तू असशील ना तिथे?"

"असेन."

"मग मी तुझ्याशेजारीच बसणार," ती म्हणाली आणि दूध प्यायला लागली. हे ऐकून मला जे झालं, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

पहिल्या खेळाला अख्खी इमारत आली. वरचे साहेब पुढच्या रांगेत, त्यांच्या मागे दातांचे डॉक्टर, मग आम्ही. एका बाजूला लेक आणि जावई, मग ही, मग भिंगरी आणि कडेला मी. मिशी अर्धीमुर्धी उगवलेली. भिंगरीच्या हातात चिकट गोळ्यांचा पुडा. दिवे गेले. थंड हवेच्या थेटरात मला घाम सुटला.

डोंगर आला. "बाबांचा डोंगर," भिंगरी कुजबुजली. गुहा आली. मी तिच्या कानाशी वाकलो. "आता डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस." तिने मिटले. राक्षस वळला असावा, कारण पुढच्या रांगेतून साहेबांचा आवाज आला, "अरे, हुबेहूब!"

माझा विचार असा, की सिनेमाभर तिला डोळे मिटायला लावायचे. राक्षस गेला की उघड, आला की मीट. पण कानांचं काय करायचं हे मला सुचलंच नव्हतं. पडद्यावर तो पोटातून हसला. कुठेतरी एक बाळ रडायला लागलं. त्याचं ऐकून दुसरं, मग तिसरं. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला त्या कचेरीतल्या मॅडमना बोलावून आणावंसं वाटलं.

"आबा," भिंगरी डोळे मिटूनच म्हणाली, "तू हसतोयस?"

"नाही गं."

"मग तुझ्यासारखं कोण हसतंय?"

आणि तिने डोळे उघडले.

भिंतीएवढा चेहरा समोर होता. चामखिळीवरचे केससुद्धा दिसत होते. तिने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी भुवई बोटाने दाबून बसलेला. पुन्हा पडद्याकडे. तिचा गोळ्या चघळणारा जबडा थांबला.

मग ती खुर्चीवरून खाली उतरली.

झालं, मी म्हटलं. आता ती चालायला लागणार. मी हात पुढे केला नाही. काकाने केला होता त्या दिवशी. मला आठवतं, तिने तो हात बघितलाही नव्हता.

ती चालली नाही. माझ्या गुडघ्यांमध्ये येऊन उभी राहिली, पडद्याकडे पाठ करून. तिचा चेहरा मला अंधारात नीट दिसेना. आवाज मात्र आला, दातओठ खाल्लेला.

"आबा, त्याने तुझं तोंड घेतलंय."

"नाही गं, ते असं झालं की..."

"घेतलंय. भुवईपण घेतलीय. बटणपण. तुला विचारलं होतं?"

"विचारलं नव्हतं," मी म्हटलं. तेवढं मात्र खरं होतं.

"मग तू देऊन का टाकलंस?"

तेवढ्यात मरणाचं गाणं सुरू झालं. मुखवट्याशिवाय, सगळ्या जगासमोर, मी माझं मरण आज पहिल्यांदा बघणार होतो. पडद्यावर राक्षसाच्या तोंडातून खाल्लेले आवाज एकेक करून उडायला लागले आणि जसजसे ते उडाले तसतसा तो पुसट होत गेला. शिंगं गेली, खांदे गेले. मागचा ढग त्याच्यातून दिसायला लागला. भिंगरीने मान वळवून ते पाहिलं आणि तिने माझ्या सदऱ्याचा गळा धरला.

"आबा! तुझं तोंड चाललंय!"

मी काही बोलायच्या आत ती माझ्या मांडीवर चढली आणि तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा गच्च धरला. एक तळवा चामखिळीवर, दुसरा डोळ्यांवर, एक अंगठा नाकपुडीत. हात गोळ्यांनी चिकट झालेले. सगळी ताकद लावून ती मला जागच्या जागी दाबून ठेवत होती.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"बोलूपण नकोस. निसटेल."

मी गप्प राहिलो. रडणारी बाळंसुद्धा थांबली होती. गाणं मला ऐकू येत होतं, माझंच, त्या पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून गायलेलं. कुठेतरी कोणीतरी नाक ओढलं. माझा चेहरा काय करत होता ते मला दिसलं नाही. डोळ्यांसमोर फक्त तिच्या बोटांच्या फटीतला लालसर उजेड होता.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. दिवे लागले असावेत, कारण बोटांच्या फटी पांढऱ्या झाल्या.

"भिंगरी, संपलं आता. सोड आबाला," जावई म्हणाला.

"थांबा. तो पुरता जाऊ दे."

"अगं, नुसती नावं चाललीयत पडद्यावर."

तिने पकड आणखी घट्ट केली. नाकातला अंगठा जरा वर सरकला.

तेवढ्यात ही माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अहो, बघा, तुमचं नाव! केवढं मोठं आलंय!"

माझं नाव आजवर कुठल्या जाहिरातीवर आलं नव्हतं. मी तोंड उघडलं. "कुठेय? कसं लिहिलंय?"

"आबा, बोलू नकोस म्हटलं ना," भिंगरी म्हणाली.

मी तोंड मिटलं.